पाच माणसांची गाडी

ऑरिन टॉलेफसन गेला, पण त्याचा ट्रेलर गॅरेजच्या मागे तसाच उभा होता. पांढरा, अंड्यासारखा गुळगुळीत, दोन चाकांचा. आत एक छोटा ओटा, एक टेबल, आणि रात्री तेच टेबल खाली पाडलं की बिछाना. बर्फ वितळला की त्याची बायको आर्डिस वरची ताडपत्री काढायची, आतून सगळं पुसून घ्यायची, गाद्या उन्हात टाकायची आणि संध्याकाळी पुन्हा जागेवर ठेवायची. हे कशासाठी, असं शेजारच्या ग्लेननं एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, उंदीर होऊ नयेत म्हणून. ते अर्धं खरं होतं.

उरलेलं अर्धं मोंटानातल्या हॅवर गावात होतं. तिथं तिची बहीण लव्होन राहायची. लग्न होऊन गव्हाच्या शेतावर गेली ती तिकडचीच झाली. आता ती खुब्याचं हाड मोडून वृद्धाश्रमात पडली होती आणि नजर दिवसेंदिवस जात होती. दर रविवारी चर्चनंतर दोघी फोनवर बोलायच्या. "लवकर ये गं," लव्होन म्हणायची, "नाहीतर येशील तेव्हा तुला बोलायला लावून ओळखावं लागेल मला." दोघी हसायच्या. पण मिनेसोटातून हॅवरला जायचं म्हणजे गाडीनं दोन दिवस. आर्डिस आता चर्चच्या आणि किराण्याच्या पलीकडे गाडी नेत नव्हती. विमान त्या बाजूला जात नव्हतं, आणि रेल्वे मध्यरात्री, चाळीस कोसांवरच्या स्टेशनवर.

म्हणून मार्चमध्ये तिचा मुलगा कर्ट घरी आला आणि उन्हाळ्यात मुलांना मोंटानाचे डोंगर दाखवायला न्यावं म्हणतोय, बाबांचा ट्रेलर मिळेल का, असं त्यानं विचारलं, तेव्हा आर्डिसच्या हातातली कॉफीची किटली क्षणभर थांबली. डोंगराकडे जाणारा रस्ता हॅवरमधूनच जातो. तिला नकाशा काढायची गरज नव्हती.

"मिळेल का काय विचारतोस," ती म्हणाली. "घेऊनच जा. तुझाच आहे."

कर्टनं रूबार्बच्या दोन आंबटगोड वड्या खाल्ल्या. ताटात एक उरली ती कुणी उचलली नाही. तिकडे शेवटची वडी कुणी उचलत नाही, जो तो तिचा अर्धा तुकडा मोडून घेतो, मग त्याचा अर्धा, आणि शेवटी ताट धुवायला जातं तेव्हाही बोटाएवढा तुकडा उरलेला असतो. निघताना कोटाच्या बाहीत हात घालता घालता कर्ट म्हणाला, "तूपण चल की, आई."

"छे रे," आर्डिस म्हणाली. "मी कुठं. तुमच्या पायात पायात येईन."

त्या मुलखातल्या नॉर्वेजियन घरांमध्ये हे उत्तर म्हणजे उत्तर नसतं. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की पुन्हा नाही, पण जरा हळू. तिसऱ्यांदा विचारलं की, "बरं, तुम्हाला त्रास नसेल तर," म्हणून घ्यायचं. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा माणूस हावरट. आणि तिसऱ्यांदा न विचारणाऱ्याला मुळात द्यायचंच नव्हतं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. कर्टही यातच वाढला होता. त्यानं गाडी सुरू केली आणि आर्डिसनं मनाशी म्हटलं, एक झालं.

कर्टची रोजची गाडी बुटकी आणि जुनी. तिला स्वतःचं ओझंच पेलत नव्हतं, तर ट्रेलर काय ओढणार. नवी घ्यायला मोठी मुलगी सोडून बाकी सगळे एका शनिवारी फार्गो शहरात गेले, आणि सुनेनं आग्रह धरला म्हणून आर्डिसही गेली. सून मरीसा न्यू जर्सीची. मोठ्यानं बोलायची, सासूला नावानं हाक मारायची, आणि मनात आलं ते तोंडातून यायला तिला वेळ लागत नसे. आर्डिसला ती आवडत नव्हती असं नाही. तिच्यापुढे दमायला व्हायचं, एवढंच. "ट्रेलरची माहिती तुम्हालाच," मरीसा म्हणाली होती. "कर्टला विचारलं तर तो इंटरनेट वाचून दाखवतो."

दुकानातला विक्रेता ड्वेन त्यांच्याच बाजूचा होता, हे त्याच्या बोलण्याच्या चालीवरूनच कळलं. त्यानं आर्डिसला कॉफी विचारली. तिनं नको म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारली. तिनं उगाच कशाला म्हटलं. मग तो म्हणाला, "ताजीच केलीय, कुणी प्यायली नाही तर ओतूनच द्यायची," आणि आर्डिसनं कप घेतला. एका परक्या माणसानं एका कपासाठी तीनदा विचारलं होतं. तिला बरं वाटलं. आज दिवस चांगला जाणार असं वाटलं.

आधी त्यांनी एक लांब गाडी पाहिली. तीन रांगा, सात माणसं. कर्टची जुळी पोरं धडाधड चढून मागच्या रांगेत गेली आणि आजीला हाका मारायला लागली. आर्डिस चढली. पायरी बुटकी होती, धरायला दांडी होती. तिनं दोघांच्या मध्ये बसून पाहिलं. गुडघे पुढच्या सीटला टेकत नव्हते. खिडकीतून दुकानाचं मैदान दिसत होतं, पलीकडे महामार्ग, आणि तिनं कुणाला न सांगता त्या जागेवरून हॅवरचा रस्ता पाहून घेतला.

ड्वेननं ट्रेलर किती मोठा, किती जुना, हे विचारून घेतलं. आर्डिसनं सांगितलं. तो हसला. "तो ट्रेलर होय. ही गाडी तो झोपेत ओढेल."

"ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं," कर्ट म्हणाला.

त्यानं ड्रायव्हरचं दार उघडलं आणि चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर बोट ठेवलं. गाडीत माणसं आणि सामान मिळून किती भार चालेल ते तिथं लिहिलेलं असतं. त्यात ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या मागच्या गोळ्यावर जेवढा दाब देतो तोही धरायचा, असं कर्ट सांगत होता. सांगत होता ते बरोबर होतं. तो महिनाभर हेच वाचत होता. फोनवर त्यानं बेरीज मांडली. आधी तो आणि मरीसा, मग मोठी मुलगी ब्रिटा, मग जुळे. त्यावर बर्फाची पेटी, सायकली, ट्रेलरचा दाब.

"आणि आर्डिस," मरीसा म्हणाली.

कर्टनं मान वर केली नाही. "आईला धरलं तर काठावर येतं."

आर्डिस मागच्या रांगेत होती. सगळी दारं उघडी होती. तिचं वजन ते काय. वारा सुटला की चर्चमधल्या बायका तिचा दंड धरून गाडीपर्यंत सोडायच्या. ड्वेननं घसा साफ केला आणि म्हटलं की बर्फाची पेटी ट्रेलरमध्ये ठेवली, बरोबर चाकांच्या वर, तर प्रश्नच उरत नाही. कर्ट "हं" म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

मग तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथं पिकअप ओळीनं उभ्या होत्या. त्यांतली एक गडद निळी, उंच, मागे रिकामा हौदा. तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला, वाकून मागचा गोळा पाहिला, टायरला बुटानं हलकी लाथ दिली. त्याचा असा हरखलेला चेहरा आर्डिसनं फार वर्षांनी पाहिला. त्याच्या कामावरच्या सगळ्यांकडे पिकअप होत्या. ऑरिनकडे कधी नव्हती. ऑरिननं तो ट्रेलर आयुष्यभर साध्या व्हॅनमागे ओढला; चढ आला की रस्त्याच्या उजव्या कडेला घ्यायचा, मागच्यांना पुढे जाऊ द्यायचा आणि हात हलवायचा. पोरवयात कर्ट त्या वेळी सीटखाली तोंड लपवायचा.

पिकअपमध्ये पाच जागा होत्या. आर्डिसनं काचेतून मोजल्या.

मरीसा तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिच्या पद्धतीनं सरळ म्हणाली, "आर्डिस, तुम्ही येताय का आमच्याबरोबर? येत असाल तर ती लांबडी घेऊ. वाटेत तुमची बहीण आहे ना? मला सांगा आणि विषय संपवा."

कर्ट चार पावलांवर उभा होता. त्याला ऐकू जात होतं. आर्डिसच्या तोंडाशी हो आलं होतं, अगदी ओठांच्या आत. पण विचारण्याची ही दुसरीच खेप होती. आणि एवढी मोठी गाडी आपल्यासाठी घ्या, असं कुणी तोंडानं म्हणतं का?

"अगं, माझ्यासाठी म्हणून गाडी नका ठरवू," ती म्हणाली, जरा हळू. "तुम्हाला सोयीची ती घ्या."

आणि तिनं कर्टकडे पाहिलं. आता त्यानं फक्त यायचं होतं आणि म्हणायचं होतं, आई, खरंच, चल. एवढंच. ड्वेनसुद्धा बाजूला होऊन बूट पाहत उभा राहिला. त्यालाही कळलं होतं की आता कुणाची पाळी आहे.

कर्टनं पिकअपचं दार उघडलं, आतला वास घेतला आणि मरीसाला म्हणाला, "ऐकलंस ना?"

ड्वेन चांगला माणूस होता. त्यानं न राहवून सांगितलं की याच पिकअपमध्ये पुढे बाकासारखी सीट असलेली पण येते, सहा जण बसतात, फक्त मागवावी लागेल, काही आठवडे थांबावं लागेल. जायला अजून अवकाश होता. कर्ट म्हणाला नको, हीच, पुढच्या आठवड्यात येऊन पैसे भरतो.

परत येताना गाडीत आर्डिस खिडकीपाशी बसली. मरीसानं विचारलं, थंडी वाजते का. ती म्हणाली, नाही.

तरी तिनं आशा सोडली नाही. माणूस काय, लोकांसमोर विचारत नाही, एकटा असताना विचारतो, असं ती स्वतःला सांगत राहिली. ऑरिनही तसाच होता; लग्नाचंसुद्धा त्यानं गोठ्यात विचारलं. आणि सहावा माणूस कुठं बसवायचा ते कर्ट बघेल. ब्रिटाला एखाद्या शिबिराला पाठवतील. गाडीही अजून बदलता येईल, लोक बदलतात. कर्टचा फोन आला की ती खुर्ची ओढून नीट बसायची. तो विचारायचा, ट्रेलरच्या टायरमध्ये बाबा हवा किती ठेवायचे. पुढच्या वेळी विचारलं, दिव्यांची वायर कुठल्या कप्प्यात आहे. एकदा विचारलं, गॅसची टाकी किती जुनी आहे. ती सगळं सांगायची आणि सांगून झाल्यावर मुद्दाम थोडी थांबायची, त्याला जागा देऊन. त्या जागेत तो म्हणायचा, "बरं मग, ठेवू का?"

लव्होनला तिनं काही सांगितलं नाही. फक्त म्हणाली की कर्ट मुलांना घेऊन तुझ्याकडून जाणार आहे, भेटून जाईल. लव्होननं विचारलं, आणि तू? आर्डिस म्हणाली, बघू. कपाटातून छोटी बॅग तिनं खाली काढली, तिला वारा दिला, आणि पलंगाच्या पलीकडे, दारातून दिसणार नाही अशी ठेवली. आत लोकरीचा स्वेटर ठेवला, लव्होनसाठी रानातल्या चोकचेरीच्या फळांचा मुरांबा ठेवला. मग औषधंही ठेवली.

जुलैतल्या एका सकाळी निळी पिकअप अंगणात आली. कर्ट उतरला, ट्रेलर जोडला, साखळ्या अडकवल्या, दिवे तपासले. हौद्यात सायकली आणि बर्फाची पेटी. जुळे मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधलेले, ब्रिटा कानात काहीतरी घालून. पलीकडून ग्लेन गवत कापायचं यंत्र बंद करून आला आणि कुंपणाला टेकून नव्या गाडीचं कौतुक करू लागला. गाडी चांगली आहे, ताकदीची आहे, ऑरिननं पाहायला हवी होती.

मग ग्लेन आर्डिसला म्हणाला, "तू नाही का जात? तिकडं लव्होन आहे ना तुझी?"

कर्ट हातमोजे काढत होता. शेजाऱ्यासमोर काहीतरी म्हणणं भाग होतं. तो हसला, पुढं झाला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी तर म्हणतोच आहे. चल ना, आई, खरंच."

तिसरं.

आर्डिसला सगळं दिसत होतं. पाच जागा, पाच माणसं. तो का विचारतोय तेही कळत होतं. पण तिसरं म्हणजे तिसरं.

"बरं," ती म्हणाली. "तुम्हाला त्रास नसेल तर. बॅग भरलेलीच आहे."

कर्टचा हात खांद्यावरच राहिला. ग्लेननं कुंपणावरून कोपर काढून घेतलं. कर्टनं गाडीकडे पाहिलं, मग ट्रेलरच्या चाकाकडे, मग पुन्हा गाडीकडे. तो म्हणाला, "म्हणजे, आता... बघावं लागेल गं." नाही हा शब्द त्याला म्हणता येत नव्हता. त्यालाही कुणी शिकवला नव्हता.

मरीसा दार उघडून खाली उतरली होती.

"थांबा," ती म्हणाली. "तुम्हाला यायचं होतं? पण तुम्ही तीनदा नाही म्हणालात ना, आर्डिस. मी याला सांगितलं होतं, तुमच्यात तीनदा विचारतात, तू जा आणि तिसऱ्यांदा विचार, मगच पैसे भर. हा आला आणि म्हणाला, विचारलं, ती नाहीच म्हणाली, आता पक्कं नाही." ती नवऱ्याकडे वळली. "विचारलं होतंस ना तू?"

कर्टनं आईकडे पाहिलं. लहानपणी काच फोडली की तो असाच पाहायचा, आणि आर्डिस प्रत्येक वेळी म्हणायची की वाऱ्यानं फुटली.

"नाही," आर्डिस म्हणाली. "मला नाही विचारलं."

आयुष्यभर ती नाही म्हणत आली होती. त्यातलं हे एक तिच्या मनातलं होतं. तोंडाला त्याची चव कडू लागली.

मरीसा गाडीकडे गेली, पुढच्या सीटवरची आपली पर्स, उशी, पाण्याची बाटली काढून घेतली. "मी राहते," ती म्हणाली. "तुम्ही बसा पुढं. मुलं सांभाळेल तो. त्याचीच आहेत." तिचा आवाज कापत होता, रागानं. मागून एका जुळ्यानं आई उतरली म्हणून भोकाड पसरलं, त्याचं पाहून दुसऱ्यानं.

पुढची सीट रिकामी होती. पायरी उंच होती, पण चढता आली असती. दोन दिवस कर्टच्या शेजारी, आणि मागे आईविना रडणारी पोरं. आर्डिसला ते चाललं असतं. लव्होनसाठी तिनं हौद्यात बसूनसुद्धा प्रवास केला असता. तिला फक्त एक शब्द हवा होता, आणि तो देणारा माणूस समोर उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि पुरेसा वेळ दिला.

"आई," कर्ट जमिनीकडे बघत म्हणाला, "तुला जसं बरं वाटेल तसं."

आर्डिसनं मान हलवली. मरीसाच्या हातातली उशी घेतली, झटकली, आणि सीटवर परत ठेवली. "जा तुम्ही," ती म्हणाली. "पोरं रडतायत. उन्हं चढायच्या आत निघा." मरीसानं तिचा हात धरला आणि पुन्हा विचारलं, आणि त्यानंतर पुन्हा विचारलं, न्यू जर्सीची बाई असून मोजून विचारलं. आर्डिस म्हणाली, "चांगली आहेस तू. जा." मुरांब्याची बाटली मात्र तिनं घरातून आणून मरीसाकडे दिली.

गॅरेजच्या बाजूनं ट्रेलर मागे घेत रस्त्यावर काढायचा म्हणजे मागे कुणीतरी उभं राहून हात दाखवावा लागतो. ऑरिनला ती दाखवायची. बोटाच्या एका हालचालीवर तो चाक वळवायचा. कर्टनं काच खाली केली आणि आरशात आईला शोधलं. ती पायऱ्यांवर उभी होती, दोन्ही हात स्वेटरच्या खिशात. ट्रेलर वाकडा गेला, फुलांच्या वाफ्यात चाक उतरलं. तो पुढे गेला, पुन्हा मागे आला, पुन्हा वाकडा. शेवटी ग्लेननं कुंपण ओलांडलं आणि हात दाखवून गाडी रस्त्याला लावून दिली. त्या दिवशी तो तसाच घरी गेला, आणि गवत अर्धंच कापलेलं राहिलं.

आर्डिसनं वाफ्यातली माती सारखी केली. मग आत येऊन फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून लव्होननं आधी घाबरून विचारलं की काय झालं.

"काही नाही गं. कर्ट निघाला, ते सांगायला. उद्या संध्याकाळी पोचतील. मुरांबा पाठवलाय."

"आणि तू?"

"गाडीत जागा नव्हती."

लव्होनही त्याच घरात वाढली होती. "विचारलं नाही का त्यानं तुला?"

"विचारलं की," आर्डिस म्हणाली. "तीनदा विचारलं. मीच नाही म्हटलं."